गिरणीचा पट्टा

"मॅडम, यातला एक गाडीचा आहे. दुसरा गिरणीचा."

नाना पेठेतल्या त्या दुकानदाराने हे अगदी सहज सांगितलं. काउंटरवर माझ्या कापडी पिशवीतून काढलेले दोन काळे पट्टे पडले होते. एक तुटलेला, टोकाला सुताचे धागे पिंजारलेले. दुसरा अखंड. मी दोन्ही पट्टे रद्दीच्या कागदात गुंडाळून आणले होते, तरी पिशवीच्या आतल्या बाजूला काळा डाग उमटला होता आणि बोटांना डिझेलचा वास येत होता. दुकानदाराने अखंड पट्टा उचलला, उजेडाकडे धरला, त्याच्या दोन्ही तिरक्या कडांवरून अंगठा फिरवला. त्या कडा आरशासारख्या चकाकत होत्या. मग तुटलेला उचलला. त्याच्या कडा खरखरीत, खाल्ल्यासारख्या. त्याने दोन्ही खाली ठेवले आणि म्हणाला, "सगळा भार ह्या तुटलेल्याने ओढलाय. हा गिरणीचा काही ओढत नव्हता. नुसता सोबत फिरत होता." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला स्कूटरची क्लच प्लेट हवी होती.

मी पट्टे परत पिशवीत टाकले आणि स्वारगेटपर्यंत चालत गेले. नुसता सोबत फिरत होता, हे वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. रबराच्या एका वस्तूबद्दल बोललेलं वाक्य माणसाला इतकं का लागावं, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

हे पट्टे तात्यांच्या गाडीचे, इंजिनाचा पंखा आणि पाण्याचा पंप फिरवणारी जोडी. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठे. अठराव्या वर्षी फौजेत गेले, ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आणि अठरा वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून परत आले. गाडी म्हणजे शक्तिमान. पुढे लांब नाक असलेली, चारही चाकं ओढणारी, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. तात्या तिची कुळकथा एखाद्या घराण्याची सांगावी तशी सांगतात. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीचा परवाना, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री, १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून निघालेली पहिली गाडी, पुढे १९६९ पासून तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीत. "पासष्टला होती, एकाहत्तरला होती," असं म्हणून ते थांबतात. पुढचं काही सांगत नाहीत. त्यांनी स्वतः ही गाडी सेला खिंडीपर्यंत नेली आहे, तेरा हजार फुटांच्या वर, जिथे रेडिएटरच्या तोंडावर ताडपत्री बांधावी लागायची आणि सकाळी इंजिन सुरू झालं की गारठून काठीसारखे कडक झालेले पट्टे पहिली दोन मिनिटं किंचाळायचे. ते किंचाळणं थांबलं की चहा प्यायचा, असा त्यांच्या तुकडीचा रिवाज होता.

घरी आल्यावर त्यांनी बारा वर्षं इकडे तिकडे मिस्त्रीकाम केलं आणि १९९८ मध्ये लिलावातून ही गाडी घेतली. मागचा हौदा काढला, वजन उचलायची लोखंडी चौकट, म्हणजे घोडा, आणि दोर ओढणारं विंच बसवलं, आणि खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी क्रेन म्हणून उभी केली. तेव्हा घाटात आठवड्याला एखादा तरी ट्रक कलंडायचा. लोक तात्यांना बोलवायचे नाहीत, "मिलिटरीला बोलवा" म्हणायचे. गाडीच्या पुढच्या पट्टीवर आरटीओचा नंबर घातला होता, पण त्याच्याखाली फौजेचा जुना नंबर होता, आधी वर तोंड केलेला बाण, मग सालाचे दोन आकडे. रंग चार वेळा दिला तरी पाऊस पडून पत्रा ओला झाला, की तिरक्या उजेडात तो बाण खालून वर यायचा. लहान असताना मी आणि माझा चुलत भाऊ पावसात तो बाण बघायला मुद्दाम जायचो. ब्रशचे फटकारे बोटाला लागायचे.

या गाडीत माझ्या वडिलांचे, आप्पांचे, चाळीस हजार रुपये होते. आप्पा प्राथमिक शिक्षक. भविष्य निर्वाह निधीतून काढून दिलेले. ते कधी परत आले नाहीत, आणि ही गोष्ट आमच्या घरात आई भाकरी थापताना सांगायची, दर वेळी त्याच चार वाक्यांत, त्यामुळे भाकरीच्या आवाजाशी ती माझ्या डोक्यात जोडली गेली आहे. पुढे २००५ मध्ये विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. ते बंदच राहिलं. आप्पा २०१६ मध्ये गेले तेव्हा तात्या आले, पायरीवर बसले, पाणी प्यायले नाहीत, तिसऱ्याला परत आले, परत पायरीवर बसले. मी तेव्हापासून सणावाराला त्यांच्याकडे जाते. कोणी जा म्हणालं नाही, जाऊ नको असंही कोणी म्हणालं नाही.

गाडी आता रस्त्यावर जात नाही. हायड्रॉलिकच्या नव्या क्रेन आल्या, फोन केला की वीस मिनिटांत येतात. मिलिटरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. पण खंडेनवमीला तात्या तिला धुतात, पाने, टोमीचा लोखंडी दांडा, जॅक, घण, सगळं गोणपाटावर ओळीने मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार नाकावर घालतात, आणि इंजिन सुरू करतात. बरोबर अर्धा तास. गेल्या खंडेनवमीला सुरू केल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला बॉनेटमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला, पंख्याच्या घेरावर काहीतरी फटकन आपटलं, आणि तात्यांनी माझ्या लक्षात यायच्या आत इंजिन बंद केलं. हार नाकावर तसाच हलत होता. त्यांनी बॉनेट उचललं, आत हात घालून तो तुटका पट्टा मेलेल्या धामणीसारखा बाहेर काढला आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले.

"पुण्यात मिळंल का गं?"

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मला काही आणायला सांगितलं होतं. मी हो म्हणाले. एक रबरी पट्टा. पुण्यात काय मिळत नाही.

मला तेव्हा पट्ट्यातलं काहीच कळत नव्हतं. दीड महिन्यात बरंच कळलं, आणि ते कळण्यात मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. हा पट्टा वरून रुंद आणि खाली निमुळता असतो, लाकूड फोडायच्या पाचरीसारखा. तसल्याच निमुळत्या खाचेत तो बसतो. मला वाटायचं, तो खाचेच्या तळाला टेकून पुली फिरवत असेल. तसं नसतं. तळाला तो टेकताच कामा नये. दोन्ही कुशींनी तो खाचेच्या भिंती दाबून धरतो, आणि जितका ताण पडेल तितका आत रुतून अधिक घट्ट धरतो. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत दिसला तर समजायचं, पट्टा झिजून खाली बसलाय आणि आता घसरतोय. असा रबरी पाचरपट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये काढला. त्याआधी गाड्यांचे पंखेसुद्धा चामड्याच्या पट्ट्यांवर आणि दोरांवर फिरत. आज ज्याला बी सेक्शन म्हणतात त्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर, उंची ११. बी-४९ म्हणजे आतला घेर ४९ इंच. आकडा पट्ट्याच्या पाठीवरच छापलेला असतो. एवढं सोपं.

पण आमच्या तुटक्या पट्ट्याच्या पाठीवर फक्त "१७ × १२" एवढंच उरलं होतं. पुढचे दोन आकडे उष्णतेने आणि तेलाने खाल्ले होते. बाराशे असेल, बाराशे पन्नास असेल, बाराशे पंच्याहत्तर असेल. मिलिमीटरमधला तो फरक इंचात तीन होतो, आणि तीन इंच म्हणजे पट्टा एक तर चढत नाही, नाही तर लोंबतो. पुस्तकातून बघावं म्हटलं, तर गाडीच्या पुस्तकातला आकडा आमच्या गाडीचा नव्हता. लिलावानंतर तात्यांनी बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून त्याजागी दुसऱ्या ट्रकचा अल्टरनेटर बसवला होता, त्याची पुली लहान, त्याचा कान, म्हणजे बोल्ट बसायची जागा, वेगळीकडे. सत्तावीस वर्षांत आणखी काय काय इकडचं तिकडे झालं होतं ते त्यांनाही सगळं आठवत नव्हतं. फौजेतून बाहेर पडलेल्या गाड्यांचं हे असंच असतं. ज्या दिवशी त्या डेपोचं फाटक ओलांडतात त्या दिवसापासून त्यांचं पुस्तक संपतं. पुढे त्या ज्याच्या हातात पडतील त्याच्या अडचणींनी घडत जातात.

नाना पेठेत मी एकूण सात दुकानं फिरले. आपल्याकडे वाहनांच्या सुट्या भागांच्या बाजाराची एक पद्धत आहे, ती मला आवडली. कोणी नाही म्हणत नाही. "शक्तिमान" हा शब्द ऐकला की काउंटरमागचा म्हातारा मालक मान वर करतो, चष्मा काढतो, आणि आधी पट्ट्याबद्दल नाही तर गाडीबद्दल विचारतो. कुठे आहे, चालू आहे का, विकायची आहे का. एकाने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या वेळी माळ्यावर शक्तिमानच्या गॅस्केटांचे गठ्ठे होते, ते किलोवर गेले. एकाने पोराला माळ्यावर पाठवलं. पोरगं अर्ध्या तासाने केसांत जाळी घेऊन उतरलं, हातात काही नव्हतं. चहा मात्र मिळाला. तो गिरणीच्या पट्ट्याचं बोलणारा दुकानदार यातला पाचवा. त्याच्याकडून निघाल्यावर मी उरलेली दोन दुकानं केली, पण मन त्यात नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी स्वतः माप घ्यायचं ठरवलं. गावी गेले, बॉनेट उघडलं, सुतळी घेऊन तिन्ही पुल्यांवरून फिरवली, गाठीच्या जागी पेनाने खूण केली, सुतळी सरळ करून टेपवर धरली. ४७ इंच. मी खूष. पुण्याला येऊन बी-४७ चे दोन पट्टे घेतले, परत गेले. तात्यांनी अल्टरनेटरचा बोल्ट ढिला केला, तो इंजिनाकडे ढकलता येईल तितका ढकलला, आणि पट्टा पंख्याच्या पुलीवरून वर आणायला गेले. नाही आला. बोटभर कमी पडला. मी म्हटलं, "टोमी लावून चढवू या का?" सायकलची चेन आम्ही लहानपणी तशीच चढवायचो. तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी टोमी खाली ठेवली. टोमीने चढवलेल्या पट्ट्याला वरून काही दिसत नाही, पण त्याच्या आत सुताच्या दोऱ्या असतात, त्या जागच्या जागी तुटतात. मग तो आठ दिवस चालतो आणि नको तिथे जातो. "वरनं रबर हाय. ओढतोय तो धागा," ते म्हणाले.

चूक कुठे झाली तेही त्यांनीच दाखवलं. माझी सुतळी बारीक, ती खाचेच्या तळाशी जाऊन बसली होती. पट्टा तर तळाला जात नाही, वर चालतो. तेवढ्या उंचीचा फरक तिन्ही पुल्यांच्या घेरात मोठा होतो. मी पुलीचं माप आणलं होतं, पट्ट्याचं नाही.

मधल्या एका रविवारी जुन्या बाजारात गेले. खरं तर आशेनं नाही, आशेच्या शोधात. घड्याळांचे सांगाडे, पितळी कड्या, कोणाच्या तरी लग्नातली कोरीव ताटं, आणि एका ताडपत्रीवर फौजेचं सामान. हिरवे मग, पट्ट्यांची पितळी बक्कलं, बुटांचे ठोकळे, आणि त्यात मेणकागदात गुंडाळलेलं एक वळकटीसारखं काहीतरी. उघडलं तर पट्टा. नवाकोरा, कधी न वापरलेला, १७ ची रुंदी, कागदावर शिक्का, शिक्क्यात साल १९८८. माझ्या छातीत धडधडलं. किंमत न करता घेतला. बसमध्ये मांडीवर ठेवून बसले होते, मेणाचा तो गोडसर जुना वास येत होता, वाटत होतं, हा छत्तीस-सदतीस वर्षं फक्त या गाडीसाठी थांबून राहिला. तात्यांनी तो हातात घेतला, कागद नीट घडी करून बाजूला ठेवला, आणि पट्टा उलटा वाकवला. पोटाच्या बाजूला बारीक बारीक भेगा उघडल्या, मे महिन्यातल्या तळ्यासारख्या. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवाच त्याला खाते. तात्यांनी तो मला परत दिला नाही, बराच वेळ त्याच्या पाठीवरचे इंग्रजी शिक्के वाचत बसले. त्यांच्या हाताखालून असे किती गेले असतील.

मग मी ते विचारलं, जे नाना पेठेपासून विचारायचं होतं.

"तात्या, त्यातला एक पट्टा गिरणीचा होता का?"

काकी चहा घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. तात्या म्हणाले, "व्हय. तुझ्या बापानं आणला."

२००३ चा जुलै. रात्री दहा-साडेदहाला घाटात कांद्याचा ट्रक कलंडला, केबिनमध्ये क्लीनरचा पाय अडकलेला. तात्या मिलिटरी घेऊन निघाले आणि अर्ध्या चढाला एक पट्टा तुटला, तुटताना दुसऱ्याला गुंडाळून त्यालाही घेऊन गेला. पंखा बंद, पाण्याचा पंप बंद. तसंच रेटलं असतं तर पाव तासात इंजिन बसलं असतं. त्यांच्याबरोबरचा पोरगा पळत घरी आला. आप्पा जागे होते, वह्या तपासत. आप्पांना गाडीतलं काही कळत नव्हतं, त्यांना साधं पंक्चर काढता यायचं नाही. पण ते गिरणीवाल्याकडे गेले.

इथे मला थांबावं लागतं, कारण ती गिरणी माझ्या लहानपणाची आहे. पहिल्यांदा तिथे साताऱ्याचं कूपर इंजिन होतं, बाहेर पुक् पुक् करणारं, आणि त्यावरून आत जाणारा वीतभर रुंद सपाट पट्टा. तो पट्टा तारेच्या टाक्यांनी जोडलेला असायचा, आणि तो जोड पुलीवरून जाताना दर फेरीला टप् वाजायचा. मी ज्वारीच्या डब्यावर बसून ते टप् मोजायची. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा, जळक्या धुपासारखा वास पिठाच्या उबदार वासात मिसळायचा. नंतर विजेची मोटर आली आणि त्या सपाट पट्ट्याच्या जागी हे काळे पाचरपट्टे आले. टप् बंद झालं. आत शिरताना भिंतीवर उजव्या हाताला एक लाकडी खुंटी होती, तिच्यावर एक जादा पट्टा कायम लटकलेला असायचा. मी शेकडो वेळा बघितला होता तो. गिरणी बंद पडली तर अख्ख्या आळीच्या चुली अडतात, म्हणून तो जादा पट्टा गिरणीवाला कोणाला देत नसे. मळणीवाले मागायला यायचे, तो सरळ नाही म्हणायचा.

त्या रात्री त्याने तो खुंटीवरून काढून दिला. आप्पा काय म्हणाले असतील त्याला? तात्यांना माहीत नाही. आप्पांनी पट्टा गळ्यात अडकवला, सायकल काढली आणि पावसात घाट चढायला लागले. चढ आला की उतरून ढकलत. तात्यांनी बॅटरीच्या उजेडात वळणावर बघितलं, तर भिजलेला माणूस सायकल ढकलत येतोय, गळ्यात काळं कडं. तो पट्टा बी-५०. गाडीला जरा मोठा, पण अल्टरनेटर बाहेर ओढून तेवढा ताण मिळाला. दोन पट्ट्यांचं काम त्या एकट्याने केलं. त्याच्यावरच गाडी वर गेली, त्याच्यावरच ट्रकची केबिन उचलली, त्याच्यावरच त्या पोराला घेऊन खाली आली. पोराचा पाय वाचला.

पंधरा दिवसांनी तात्यांना खडकीतून जुन्या मिलिटरी सामानातला एक पट्टा मिळाला. तो त्यांनी दुसऱ्या खाचेत बसवला. तो इंचभर लहान, म्हणून तेव्हापासून भार त्याच्यावर. तात्या ईएमईचे. जोडीचे पट्टे एकाच मापाचे, शक्य तर एकाच घाण्यातून निघालेले लागतात, एक तुटला तरी दोन्ही बदलायचे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. थोडासा लांब असलेला मागे पडतो आणि आखूड असलेला एकटा ओढतो, ओढून ओढून तुटतो. बैलाचंही तसंच, ते म्हणाले. उंचीला, चालीला जमत नसलेली जोडी जुंपली तर जू एका बाजूला कलतं आणि एकाच्या मानेला घट्टा पडतो. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने बावीस वर्षं ती विजोड जोडी गाडीत तशीच ठेवली होती. गाडी आठवड्याला घाट चढत होती तेव्हाही. बोलणं बंद झालं त्यानंतरही.

"बदलला का नाही मग?" मी विचारलं.

"चालत होतं की," तात्या म्हणाले, आणि बशीतला चहा फुंकायला लागले. काकी आत गेली.

मला आईची भाकरीची चार वाक्यं आठवली. ती खोटी नव्हती. चाळीस हजार खरे होते, ते परत न येणं खरं होतं, विहिरीची पाळी खरी होती. आणि भिजत आलेली ती सायकलही खरी होती, फक्त ती आमच्या घरात कोणी कधी सांगितली नव्हती. आप्पांनीही नाही. ते रात्री भिजून आले असतील, आईने टॉवेल दिला असेल, सकाळी शाळेत गेले असतील. मी तेव्हा बारावीत होते, शेजारच्या खोलीत झोपलेली.

पट्टे शेवटी लोणंदला मिळाले. गाड्यांच्या दुकानात नाही, मळणी यंत्रं, कडबाकुट्टी आणि गिरण्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात. हे मला आधी सुचायला हवं होतं. यावेळी सुतळी नेली नाही, गिरणीचा पट्टाच नेला, आणि तात्यांनी सांगितलेलं वाक्य नेलं, "ह्याच्यापेक्षा एक इंच कमी, आन् जोडी पायजे." जोडी हा शब्द त्या दुकानदाराला लगेच कळला. मळणी यंत्रावर दोन-दोन, तीन-तीन पट्टे शेजारी चालतात, त्यामुळे ज्वारी-बाजरीच्या मुलखात हा शब्द रोजचा. त्याने छताच्या आडव्या नळीवरून बी-४९ चे पाच-सहा पट्टे काढले. मापापुढे एक छोटा आकडा छापलेला होता, तो बघत बघत दोन वेगळे केले. दोन्हींवर ५०, म्हणजे मापाला अगदी बरोबर. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. दोन्ही पट्टे त्याने शेजारी शेजारी नळीवर अडकवले, खालून दोन्हींत मिळून एक लोखंडी पाइप लोंबता सोडला आणि चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघितलं. पाइप पाण्याच्या पातळीसारखा आडवा राहिला. "घ्या," तो म्हणाला. दोन्ही मिळून सातशेच्या आत. मी दीड महिना आणि बरंच एसटीभाडं घालवून तिथे पोचले होते, आणि तो पोत्यावर बसून दुसऱ्या कोणाला विळ्याचे दात दाखवायला लागला होता.

गिरणीचे पट्टे इंजिनाच्या उष्णतेला गाडीच्या पट्ट्यांइतके टिकत नाहीत, हे तात्यांना ठाऊक होतं. "वर्षातनं अर्धा तास. तेवढं सोसतील," ते म्हणाले.

कार्तिकातली सकाळ होती. शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं. मी पाने पुढे करत होते, तेराचा, सतराचा, मागायच्या आधी, कारण आता मला क्रम कळला होता. अल्टरनेटर आत ढकलला. पहिला पट्टा हातानेच चढला, मग दुसरा, कुठे जोर नाही. वरचा काठ पुलीच्या काठाशी बरोबर आला, ना वर ना खाली. मग अल्टरनेटरच्या कानाशी टोमी टेकवून तात्यांनी तो बाहेर दाबून धरला आणि मला बोल्ट आवळायला लावला. आवळताना त्यांचे हात थरथरत होते. ते बघून मी बोल्टकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने पट्टा दाबला. अर्धा इंच आत गेला. दुसरा दाबला. तोही अर्धाच. "तू बघ." मी दाबला. नवं रबर थंड आणि आडमुठं लागलं, आणि दोन्हीकडून अंगठ्याला एकच उत्तर आलं.

इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं. पट्टे क्षणभर चीं करून गप्प झाले. सगळ्या शेडभर तो आवाज भरला, पायाखालच्या मातीतून पोटरीपर्यंत येणारा, आणि पंख्याचा वारा बॉनेटमधून तोंडावर आला, जुन्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या उडवत. तात्या घड्याळ बघत उभे होते. काकी दारातून म्हणाली, "पेटली का पोटात आग हिच्या," आणि हसली.

अर्ध्या तासाने बंद केल्यावर त्यांनी गिरणीचा पट्टा मागितला. मला वाटलं, मी तो पुण्याला घेऊन जाईन. पिशवीत होताच. रॉकेलच्या फडक्याने पुसून मी त्यावरचा बी-५० स्पष्ट केला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला पिठाचा वास येतो का ते बघायला एकदा नाकाशीही धरला होता. नाही आला. तात्यांनी तो खिळ्याला अडकवू दिला नाही. खिळ्यावर पट्टा एका जागी वाकतो आणि तसाच राहतो. गोडेतेलाच्या रिकाम्या गोल डब्याभोवती त्यांनी तो सैल बसवला आणि डबा ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेटीत ठेवला, जॅकशेजारी.

"अडीनडीला," ते म्हणाले.

मी हात धुवायला नळाकडे गेले. ग्रीस नखांच्या कडेत बसलं होतं, निरम्याने निघेना. मागून त्यांचा आवाज आला.

"नवा पट्टा हाय, बसल आता तो. थोडा ढिला पडंल. पंधरा दिवसांनी परत कसाय लागंल." मग थोडं थांबून, "येशील का?"

मी म्हटलं, "येते."

"रविवारी ये. सकाळच्याला ये, चहा हितंच घे."